उत्तम शुक्रवारी तिसरा उद्गार, पंधरा मिनिटं: तयारी कशी करू?

शब्बाथशाळेची_बाई

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन अशी, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. सात उद्गार, सात वक्ते. यंदा तिसरा माझ्याकडे आला आहे, योहान १९:२६-२७. ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’ आणि ‘पाहा, ही तुझी आई’. वेळ १५ मिनिटं. माणसं दीडशेच्या आसपास, निम्म्याहून जास्त बायका, पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या, मागे बोर्डिंगची मुलं. वर पत्रे.

मुलांना गोष्ट सांगायची सवय आहे, मोठ्यांपुढे संदेश द्यायची नाही. १५ मिनिटांसाठी लिहायचं किती? वाचून दाखवावं की कागद न बघता बोलावं? ‘बाई’ या शब्दाचं काय करायचं? आईला ‘बाई’ म्हटलेलं लोकांच्या कानाला खटकतं. आणि हे सगळं शेवटी ‘आईवडिलांना सांभाळा’ असं भाषण होऊन बसतं, ते कसं टाळू?

आरंभ असा लिहिला आहे, बिनधास्त काटछाट करा:

«प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, या पवित्र दिवशी मला आपल्यासमोर उभे राहण्याची संधी दिल्याबद्दल मी परमेश्वराचे व पास्टोरेट कमिटीचे आभार मानते. मी काही मोठी वक्ती नाही. आई हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर एक मूर्ती उभी राहते. आईची महती किती सांगावी? प्रभू येशू वधस्तंभावर असह्य वेदना सोसत असतानाही आपल्या आईला विसरला नाही.»

जुना_पाळक

ताई, आधी आरंभ, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच आहे. आभार काढून टाका, ते मानायला सेक्रेटरी आहेत. ‘मी काही मोठी वक्ती नाही’ हे नम्रपणाचं वाटतं, पण त्या वाक्यासरशी वधस्तंभाकडे लागलेली नजर तुमच्याकडे वळते. ‘आईची महती किती सांगावी’ असं विचारलं की मागच्या बाकावरचा माणूस मनात म्हणतो, नका सांगू, दरवर्षी ऐकतो. शेवटचं वाक्य बरं आहे, पण ‘विसरला नाही’ कशाला? विसरला असं कोणी म्हटलं होतं? योहानाने लिहिलंय ते सांगा: येशूने आपल्या आईला आणि त्या शिष्याला जवळ उभं राहिलेलं पाहिलं. आधी पाहिलं, मग बोलला. आणि बोलला तेही काय? ‘पाहा’. दोघांनाही तोच शब्द. तुमचा आरंभ इथे आहे.

आता उतारा. फक्त दोन ओव्या घेऊन बसू नका, २३व्या ओवीपासून मोठ्याने वाचा, आठवडाभर रोज एकदा. शिपाई कपड्यांचे चार वाटे करतात, प्रत्येक शिपायाला एक, म्हणजे शिपाई चार. अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला, म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकतात. हे संपलं की योहान लगेच वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या बायकांकडे वळतो. (त्या तीन की चार हा मोजण्याचा प्रश्न आहे. ‘आईची बहीण’ आणि ‘क्लोपाची मरीया’ एकच धरली तर तीन. पण दोघी बहिणींचं नाव मरीया असणं अवघड, म्हणून बरेच जण चार धरतात. संदेशात यातलं अक्षर नको.) एकीकडे वाटे घालणारे, दुसरीकडे उभ्या राहिलेल्या. हे चित्र मंडळीपुढे ठेवलं की आईविषयी वेगळे अलंकार लागत नाहीत.

‘बाई’बद्दल. मूळ ग्रीक हाक ‘गुनाय’. ती रागाची किंवा तुटकपणाची नाही. योहानाच्याच शुभवर्तमानात येशू हीच हाक शोमरोनी स्त्रीला मारतो (४:२१) आणि पुनरुत्थानानंतर रडत उभ्या असलेल्या मग्दालीया मरीयेलाही (२०:१५). तिला काही तो झिडकारत नव्हता. मात्र मुलाने आईला अशी हाक मारणं त्या काळीही नेहमीचं नव्हतं, तेव्हा ‘ती तर आदराची हाक’ एवढं सांगून मोकळं होऊ नका. खरा धागा काना गावात आहे. तिथल्या लग्नात तो आईला म्हणतो, बाई, माझी वेळ अजून आली नाही (२:४). त्यानंतर ते कफर्णहूमला गेले ती एक ओवी (२:१२) सोडली तर योहानाच्या शुभवर्तमानात आई थेट वधस्तंभापाशी दिसते. पुन्हा तीच हाक, आणि पुढे लिहिलंय, त्या वेळेपासून शिष्याने तिला घरी नेलं. तुमच्या प्रतीत तिथे ‘वेळ’ असो की ‘घटका’, मूळ शब्द दोन्हीकडे एकच आहे, ‘होरा’. (हो, आपल्या पंचांगातला होरा. संस्कृतात तो ग्रीकमधूनच आला. हे व्यासपीठावरून सांगितलंत तर पुढची पाच मिनिटं लोक पंचांगाचाच विचार करतील.) काना ते वधस्तंभ हा धागा दोन मिनिटांत सांगून होतो आणि ‘बाई’चं कोडंही त्यातच सुटतं. लग्नघरी तो तिला थांब म्हणाला होता, त्या थांबण्याचा शेवट इथे होतो.

दुसरं वाक्य शिष्याला आहे, आणि बहुतेक वक्ते नेमकं त्यालाच उपाशी ठेवतात. अकरा मिनिटं आईवर जातात, शिष्याला दोन उरतात. उलट करा. येशूला भाऊ होते. ते त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहान ७:५ सांगतं. तरी आई सोपवली ती शिष्याकडे. ना कारण सांगितलं, ना खर्चाची तरतूद केली, ना किती दिवस ते सांगितलं. शिष्य उत्तरही देत नाही. दोन्ही उद्गारांनंतर माणसाने केलेली कृती एकच, तिला घरी नेणं. (भावांचा उल्लेख केलात तर प्रेषितांची कृत्ये १:१४ही सांगा. माडीवरच्या खोलीत आई आणि भाऊ दोघंही आहेत. नाहीतर भाऊबंदकीची गोष्ट होऊन जाते.)

‘आईवडिलांना सांभाळा’ हे भाषण टाळायचं म्हणजे विषयच सोडायचा असं नाही. तो मुलांना झापायला वापरू नका एवढंच. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांतल्या कित्येकींची मुलं पुण्या-मुंबईला असणार. तुम्ही मुलांवर तुटून पडलात की त्या माउल्या लाजेने खाली बघणार. त्यांना लाजवायला तो दिवस नाही. त्यापेक्षा मार्क ७:९-१३ घ्या. ‘तुम्हाला द्यायचं ते मी देवाला अर्पण केलंय, कुर्बान’ असं सांगून आईबापांचा खर्च टाळणाऱ्यांना येशूने कसं धरलं ते तिथे आहे. हे वचन मुंबईच्या मुलाला लागत नाही, तर रोज मंडळीच्या कामासाठी बाहेर असणाऱ्याला लागतं. म्हणजे आपल्यासारख्यांना. तिथे आवाज चढवू नका, फक्त वाचा.

मागे बोर्डिंगची मुलं आहेत म्हणालात. त्यातल्या काहींना आई नसेल. ‘आपल्या सर्वांना आई असते’ असलं वाक्य चुकूनही नको. मूल नसलेल्या बायकाही बसलेल्या असतात. हा उद्गार त्यांच्यासाठी जास्त आहे, कारण इथे जन्माने आई नसलेली आई होते आणि जन्माने मुलगा नसलेला मुलगा होतो. मात्र हे एकदाच म्हणा आणि त्या वेळी कुणाकडे बघू नका.

आणखी तीन खड्डे. योसेफ तोवर वारला असावा असं सगळे म्हणतात आणि तसं असणं शक्यही आहे, पण वचनात लिहिलेलं नाही, म्हणून ‘विधवा मरीया’ म्हणायचंच असेल तर ‘बहुधा’ लावा. त्या शिष्याचं नाव या उताऱ्यात नाही. परंपरा योहान म्हणते. तुम्ही ‘ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती’ एवढंच म्हटलंत तर चालतं, नव्हे, जास्त चांगलं. ती जागा रिकामी राहिली तर ऐकणारा तिथे बसू शकतो. आणि शिमोनाची तरवार (‘तुझ्या जिवातून तरवार भोसकून जाईल’ असं तो मरीयेला म्हणतो ती, लूक २:३५) आणलीत तर एका वाक्यात. तिच्यावर रेंगाळलं की सगळा संदेश मरीयेच्या दुःखाचा होतो आणि शिष्य पुन्हा उपाशी.

पास्टोरेट_सेक्रेटरी

वेळेचा हिशोब देतो, कारण १५ म्हणजे १५ नसतात. एकूण १८० मिनिटं. आरंभ आणि प्रस्तावना १०, शेवट ९. उरले १६१, भागिले ७, प्रत्येक उद्गाराला २३. त्या २३मध्ये वाचन १, संदेश १३, शांतता २, प्रार्थना ३, गीत ४. तुम्ही बाकावरून उठून व्यासपीठापर्यंत जाता ती वेळ आधीच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात बसवा, नाहीतर तीही १३मधून जाते. पहिल्या दोघांनी पाच-पाच मिनिटं जास्त घेतली की सातव्या उद्गाराला तीन मिनिटं उरतात आणि ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हे कुणीतरी घड्याळाकडे बघत बोलतो. हे फार वेळा होतं.

तुमचा उद्गार साधारण १२:५६ला सुरू होईल. तासाभराची सुट्टी काढून आलेले एक वाजता उठतात आणि दुसरे येतात. म्हणजे तुमच्या पहिल्या चार मिनिटांत दार वाजणार, चपला वाजणार. नेमका मुद्दा त्या चार मिनिटांत ठेवू नका. तिथे २३व्या ओवीपासूनचं चित्र ठेवा, उशिरा आलेल्यालाही ते पकडता येतं.

दुसऱ्या आणि चौथ्या उद्गाराच्या वक्त्यांना आदल्या रविवारी गाठा. दोन गोष्टी ठरवून घ्या. पिलात, फटके, काट्यांचा मुकुट हे सगळं पहिलाच वक्ता सांगेल, बाकीच्यांनी पुन्हा सांगायचं नाही. आणि अंधार चौथ्याचा. मत्तय, मार्क अंधार सांगतात तो सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे आपले दुपारचे बारा ते तीन. योहान अंधाराचा उल्लेखच करत नाही. तिसऱ्या उद्गारात ‘त्या काळोखात त्याला आई दिसली’ असं कुणी म्हटलं की चौथ्याचं अर्धं भांडवल गेलं, आणि वचनालाही धरून नाही.

पेटीवाला

लिहिण्याचं माप: पत्र्याखाली, पंखे चालू असताना, सावकाश बोललं तर मिनिटाला ९० ते १०० शब्द. त्याहून भरभर गेलं की मागे शब्द पोचत नाहीत, नुसता आवाज पोचतो. १३ मिनिटांना १२०० शब्द होतात, पण तुम्ही ११०० लिहा. उरलेलं थांबण्यासाठी. फुलस्केपवर मोठ्या अक्षरात एक ओळ सोडून लिहिलं तर पानाला दीडशे-पावणेदोनशे शब्द, म्हणजे सात पानं. एकाच बाजूला लिहा, कोपऱ्यात आकडे घाला, टाचणी-स्टेपल काही नको. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, डावीकडे सरकवायचं. उलटलं की माइकमध्ये पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन विझते, आणि विझली की माणूस आधी अंगठा शोधतो, मग ओळ.

पूर्ण लिहा, पण पहिली पाच आणि शेवटची तीन वाक्यं पाठ करा. मधलं कागदावरून चालतं. उलटं करणारे पुष्कळ: मधे डोळे मिटून ओघात बोलतात आणि शेवट सापडत नाही म्हणून ‘तर प्रियांनो’ तीन वेळा म्हणतात. एकदा ‘शेवटी’ म्हटलं की तीन वाक्यांत खाली बसायचं.

माइक तोंडापासून मूठभर दूर आणि किंचित बाजूला, समोर नको. समोर धरला की ‘प’ आणि ‘भ’ फुटतात, आणि तुमच्या उताऱ्यात ‘पाहा’ दोनदा आहे. आदल्या दिवशी रिकाम्या देवळात तपासून उपयोग नाही, भरलेल्या देवळात आवाज निम्मा बसतो. पहिला उद्गार चालू असताना मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहा आणि ऐका, तेवढ्यावर कळतं.

‘बाई’बाबत मी पाळकसाहेबांशी सहमत नाही. काना गाव वगैरे ठीक, पण शब्द समजावायला लागलं की तो खटकत होता हे ज्याच्या लक्षात नव्हतं त्याच्याही लक्षात येतं. जुन्या घरांतून आईला ‘बाई’ म्हणायचेच की. आणि ताई, तुमच्या वर्गातली मुलं तुम्हाला काय म्हणतात? हाक कशी मारली यावर सगळं आहे. ‘बाई’नंतर पूर्ण थांबा, मनात दोन आकडे मोजा, मग ‘पाहा’. घाईत ‘बाईपाहा’ वाचलं तर खटकणारच. वाचन दुसरं कुणी करणार असेल तर त्याला हे सांगून ठेवा, नाहीतर तुमची तयारी पहिल्याच मिनिटाला वाया.

गीत संदेशानंतर आहे ना? दोनच कडवी ठरवा. ढोलकी-टाळ त्या दिवशी बाजूला, पेटी पुरे. सूर नेहमीपेक्षा एका पट्टीने खाली घ्या, लोक उपाशी असतात, वरचा सूर लागत नाही आणि गाणं रडकं होतं.

शब्बाथशाळेची_बाई

सगळ्यांचे आभार. पेटीवाले दादा, मुलं ‘बाई’च म्हणतात, हे लक्षातच आलं नव्हतं. तरी काना गावाचा धागा ठेवते, पण ‘खटकतं’ हा शब्द न काढता.

नवीन आरंभ: «चार शिपाई. एका माणसाच्या कपड्यांचे चार वाटे. अंगरखा फाडायचा नाही म्हणून त्यावर चिठ्ठी. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर काही बायका उभ्या आहेत. त्यांतली एक त्याची आई. येशू तिला पाहतो.»

दोन गोष्टी राहिल्या. गावातले दोन-तीन कॅथलिक शेजारी उपासनेला येतात. मरीयेविषयी बोलताना त्यांना किंवा आपल्या लोकांना खटकू नये म्हणून काय सांभाळू? आणि शेवट मला सापडत नाहीये. ‘घरी नेलं’ यानंतर काय?

वसईचा_वाचक

मी कॅथलिक, म्हणून पहिल्याचं सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमारास प्रभूच्या दुःखसहनाचा विधी होतो, त्यात योहानाचे १८ आणि १९ हे दोन अध्याय सबंध वाचले जातात, मग क्रुसाची आराधना आणि कम्युनियन. तेव्हा तुमचे शेजारी तुमच्याकडे हा उतारा ऐकून आमच्याकडे पुन्हा ऐकतील. क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांत चौथं स्थान येशू आणि आईच्या भेटीचं आहे, ते चाळीस दिवस दर शुक्रवारी त्यांनी केलेलं असतं. म्हणजे मरीया वधस्तंभाजवळ उभी आहे हे त्यांना नवं नाही, नीट सांगितलंत तर ते तुमच्याबरोबरच असतील.

आमच्याकडे ‘ही तुझी आई’ हे सगळ्या ख्रिस्तसभेला सांगितलं असं शिकवतात, तुमच्याकडे बहुधा नवं कुटुंब असा अर्थ घेतात. दोन्हींपैकी कशाचंही खंडन १३ मिनिटांत करू नका. ‘काही लोक मानतात की’ असं सुरू होणारं वाक्य दिसलं की खोडा. ‘प्रभूची आई मरीया’ म्हणा, दोघांनाही चालतं. ‘वधस्तंभ’ म्हणालात तरी कळतं, एखाद्या ठिकाणी ‘क्रूस’ आला तर त्यांना घरचं वाटेल.

जाता जाता: ही तीन तासांची उपासना मुळात आमच्याकडून तुमच्याकडे आली. पेरूमधल्या लिमा शहरात येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंनी) सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली, नंतर युरोपभर गेली. स्पेनमधल्या कादिझसाठी संगीतकार हायडनने तिला संगीत दिलं ते अठराव्या शतकात. आमच्या बहुतेक पॅरिशमध्ये आज ती होत नाही, तुम्ही टिकवलीत.

जुना_पाळक

आरंभ आता उभा राहिला. ‘हाकेच्या अंतरावर’ हेही काढा, योहान ‘जवळ’ म्हणतो.

पेटीवाल्यांचं थांबण्याचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही.

शेवटासाठी पुनरुत्थानाकडे धावू नका. रविवार येतोच आहे आणि चार वक्ते अजून बाकी आहेत. ‘तर आपणही’ असं वाक्यही नको. त्याऐवजी एक काम द्या, शुक्रवार ते रविवार यांत होण्यासारखं. तुमच्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या, देवळापर्यंत चालत न येऊ शकणाऱ्या किती जणी आहेत ते पाळकांना विचारा. ज्यांच्या घरी प्रभुभोजन नेलं जातं त्यांची यादी त्यांच्याकडे असते. नावं व्यासपीठावरून घ्यायची नाहीत. फक्त आकडा सांगा: आपल्या मंडळीत अशा सहा जणी आहेत, रविवारी दुपारी त्यांचं ताट कुणाच्या घरी असेल ते महिला संघाच्या बाईंकडे आज तीननंतर सांगून जा. खरा आकडा सांगा, गोल नको. आणि संघाच्या बाईंना आधी विचारून ठेवा. नाहीतर तीन वाजता लोक त्यांच्याभोवती जमतील आणि त्यांना काहीच माहीत नसेल.

हे काम १२व्या मिनिटाला सांगून टाका. मग कागद बाजूला ठेवा, पवित्र शास्त्र उचला आणि २७व्या ओवीचा दुसरा अर्धा भाग एकदा वाचा, ‘घरी’पर्यंत. ‘आमेन’ तुम्ही म्हणायचं नाही, ते प्रार्थना करणाऱ्याचं. शास्त्र मिटा आणि जाऊन बसा. पेटीवाल्यांना आधी सांगून ठेवा की दोन मिनिटांच्या शांततेत सूर लावून बघायचा नाही.